कावळे सोडून

काकूंची काकांबद्दल तक्रार एकच होती. म्हणजे तशा पुष्कळ होत्या, पण बाकीच्या जुन्या झाल्या होत्या, आणि जुनी तक्रार धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखी असते; अंगावर घ्यायला बरी वाटते, पण लोकांत दाखवता येत नाही. नवी तक्रार अशी, की गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दांड्यांची कप्पी कुरकुरत होती, आणि काका तिला तेल घालत नव्हते.

"अहो, तेल घाला त्या कप्पीला."

"हो."

काकांचं 'हो' हे असं होतं. हो म्हटलं की काम झालं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. कारखान्याच्या कोठारात खिळे, नट आणि वॉशर मोजण्यात त्यांचा जन्म गेला. तेव्हा निदान चारदा सांगितलेलं काम पाचव्यांदा व्हायचं. निवृत्त झाले, पक्षीमित्र मंडळात गेले, आणि माणसांचं बोलणं त्यांना ऐकू येईनासं झालं. पाखराचं मात्र दोन गल्ल्या पलीकडचं ऐकू यायचं. काकू म्हणायच्या, "उद्या मला काही सांगायचं झालं तर झाडावर चढून सांगावं लागेल."

दांड्यांचं काम तसं साधं. दोन लांब दांड्या छताला टांगलेल्या. दोरी सोडली की खाली येतात, ओले कपडे घालून दोरी ओढली की वर जातात. वर जाताना कप्पी ओरडायची: कुई... कुईऽऽ... कुर्र. ओली चादर असली की जास्त. काका सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून बाहेर पडले, की काकू बादली घेऊन गॅलरीत यायच्या. म्हणजे कप्पी ओरडायची तेव्हा काका घरात नसायचे, आणि काका घरात असायचे तेव्हा कप्पी गप्प. नवरा-बायकोच्या संसारातली निम्मी भांडणं अशा वेळांच्या चुकामुकीतून होतात.

आता हे मंडळ म्हणजे काय, ते सांगायला हवं. अध्यक्ष म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. पाखरं बिथरू नयेत म्हणून इतकी वर्षं कुजबुजत बोललेले, की आता फोनवरसुद्धा कुजबुजायचे. त्यांचा फोन आला की काकूंना वाटायचं, कुणीतरी दगावलंय. त्यांच्या खालोखाल दाताच्या डॉक्टरीणबाई. त्यांची दुर्बीण एवढी मोठी, की ती त्यांना वागवत होती की त्या तिला, हे लांबून कळायचं नाही. दर रविवारी ही मंडळी भागातली पाखरं मोजायची आणि गणतीच्या शेवटी एक ओळ ठरलेली: 'कावळे सोडून.' कावळे कोण मोजणार? हॉटेलात बसून माशा मोजण्यासारखं ते. मंडळ निघालं तेव्हापासूनचा हा रिवाज, आणि त्याला कुणी कधी का म्हणून विचारलं नव्हतं.

मंडळाला नुसतं मोजून भागत नसे. पाखरं वाचवायचीही असत, आणि पोरांना शिकवायचंही असे. वाचवण्याची सुरुवात काकूंच्या स्वयंपाकघरापासून झाली. चिमण्यांसाठी लाकडी घरटी करायची ठरली आणि फडताळाची मधली फळी गेली. काकूंनी डबे जमिनीवर मांडले. घरटं गॅलरीत टांगलं. चिमणी काही आली नाही, पालीनं मात्र संसार थाटला. अध्यक्ष येऊन बघून गेले आणि कुजबुजले, "हीसुद्धा जैवविविधताच, काकू."

"मग न्या घरी," काकू म्हणाल्या.

मग गच्चीवर पाण्याच्या वाट्या ठेवायची मोहीम निघाली आणि काकूंच्या चांगल्यातल्या वाट्या वर गेल्या. पाखरं पाणी प्यायची. पाहुण्यांना काकू पेल्यात वाढायच्या. घरचं झालं थोडं म्हणतात ते असं.

एवढ्यात आणखी एक भानगड चालू होती. गॅलरीतले तारेचे हँगर नाहीसे होत होते. काकूंची खात्री होती की हे खालचीचं काम. खालची म्हणजे खालच्या मजल्यावरची बाई. तिची गॅलरी बरोबर काकूंच्या गॅलरीखाली, आणि हातही म्हणे लांब. काकूंनी हुशारी करून आपल्या हँगरांना निळी लोकर बांधली, म्हणजे चोरी उघड व्हावी. तरी हँगर गेलेच. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. समोरासमोर आल्या तर काकू हवेला उद्देशून म्हणायच्या, "काही लोकांना स्वतःचे शर्ट टांगायला दुसऱ्याचे हँगर लागतात." खालचीही हवेलाच म्हणायची, "काही लोकांना कामं नसतात." हवेनं बिचारीनं ह्या दोघींचं काय बिघडवलं होतं!

आणि झाड. इमारतीच्या मागच्या अंगणात एक जुनं, अंगापिंडानं थोराड झाड होतं, काकूंच्या गॅलरीला टेकेल असं. सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच्या जागी गाड्या लावायच्या होत्या. झाड पाडू द्यावं म्हणून त्यानं अर्ज केला, त्यावर पहिली सही काकूंची. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण सही अशी ठसठशीत, की खालच्या सह्यांना जागा उरली नाही. कारण काय? पानं गॅलरीत येतात, आणि कावळे धुतलेल्या कपड्यांवर नको ते करतात.

तर अशी सगळी मांडामांड झालेली असताना एके सकाळी काका धापा टाकत घरी आले. जोडेसुद्धा काढले नाहीत.

"अगं, सापडला!"

"कोण? प्लंबर?"

"पक्षी! आपल्या मागच्या झाडात. असा आवाज मंडळात कुणीच ऐकलेला नाही. दिसत नाही, नुसता बोलतो. अध्यक्षांचे डोळे भरून आले."

काकूंनी जोड्यांकडे बघितलं. "आणि माझी फरशी चिखलानं भरली."

पण काका ऐकतच नव्हते. खुर्चीवर बसून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि लहान पोरासारखे हसले. काकू दुसरं काहीतरी टोचून बोलणार होत्या, पण तो चेहरा बघून शब्द जिभेवरच राहिला. हा चेहरा त्यांनी फार वर्षांत पाहिला नव्हता. लग्नाच्या फोटोत होता, पण फोटो हललेला होता.

पक्षी कुठला, यावर मंडळात रणं माजली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं घुबडाच्या जातीतला. अध्यक्षांचं म्हणणं लांबच्या मुलखातून वाट चुकून आलेला. शेवटी नाव मिळेपर्यंत त्याला 'वाटचुक्या' म्हणायचं ठरलं. आणि काकांना, ज्यांना कारखान्यात कुणी आडनावानंसुद्धा नीट ओळखलं नाही, त्यांना सगळा भाग 'वाटचुक्यावाले काका' म्हणून ओळखायला लागला. न्हावी केस कापायच्या आधी हात जोडायला लागला. औषधाच्या दुकानदारानं आत बसायला खुर्ची दिली.

काकांनी वाटचुक्याचा अभ्यास मांडला. तो फक्त सकाळी बोलतो. ढगाळ दिवशी बोलत नाही. रविवारी जास्त बोलतो.

"रविवारी का?" काकूंनी चादरी पिळता पिळता विचारलं.

"तेच तर गूढ आहे," काका म्हणाले.

मधे काकू काही दिवस लेकीकडे गेल्या. काकांनी कपडे परटाकडे टाकले. परत आल्या तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. वाटचुक्या गेला होता. मंडळानं त्याच्या निरोपाची सभाही घेतली होती. काकूंनी दुसऱ्या दिवशी साठलेले कपडे धुतले, आणि काका अंगणातून पळत वर आले. डोळ्यांत पाणी.

"अगं, काय योगायोग बघ! तू आलीस आणि तोही आला."

काकूंना बरं वाटलं. पाखराच्या निमित्तानं का होईना, आपल्या येण्याची नोंद झाली.

मग गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली. काकूंनी ती एकेक अक्षर लावून वाचली: 'शांतता राखा. वाटचुक्याचे निवासस्थान.' भाजीवाल्याला ओरडायची बंदी झाली. तो दबक्या आवाजात 'कांदे, बटाटे' म्हणत फिरायला लागला, तेव्हा बायकांना वाटलं, चोरीचा माल आहे. तिप्पट खप झाला. पण अध्यक्ष एक दिवस दारात उभं राहून जे कुजबुजले, त्याला तोड नव्हती.

"काकू, गैरसमज नको. सकाळच्या वेळी आपला आवाज जरा... खाली अंगणापर्यंत येतो."

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की प्राध्यापकांची दुर्बीण आपोआप डोळ्यांवरून खाली आली. "ह्या आवाजावर चार पोरं वाढवली," त्या म्हणाल्या. "एकही उडून गेलं नाही."

इकडे झाडाच्या अर्जावर निर्णय व्हायची वेळ आली. झाड वाचवायचं तर वाटचुक्या दाखवायला हवा, म्हणून काका झाडखात्याच्या कचेरीत जायला लागले. तिथल्या कथा काय सांगाव्यात! पहिल्या खिडकीवर विचारलं, पक्षी कायमचा रहिवासी की तात्पुरता? काका म्हणाले, वाट चुकलेला. मग त्याला हरवलेल्यांच्या टेबलावर का नेत नाही? दुसऱ्या खिडकीवर फोटो मागितला. काका म्हणाले, दिसला नाही, ऐकलाय. ऐकलेल्या गोष्टींची खिडकी जेवणानंतर उघडते. जेवणानंतरच्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पक्ष्यानं स्वतः हजर राहायला पाहिजे." शेवटी एका साहेबांना दया आली. म्हणाले, रविवारी मीच येतो. तो बोलला तर बघू. नाही बोलला, तर झाड सोमवारी पडेल.

मंडळानं त्याच रविवारी शाळेच्या पोरांचा कार्यक्रम ठेवला. साहेबांवर छाप पडावी, आणि पोरांना शिक्षणही व्हावं. पाहुणे बोलावले, आणि भाषण कोण करणार? वाटचुक्यावाले काका. जन्मात माइकसमोर उभा न राहिलेला माणूस.

शनिवारी संध्याकाळी काकूंनी चहा टाकला होता. काका फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. "ऐक. आवाज पकडलाय. उद्या साहेबांना आधी हाच ऐकवणार."

फोनमधून आवाज आला. कुई... कुईऽऽ... कुर्र.

काकूंचा हात चहाच्या पातेल्यावरच थांबला. पाठोपाठ, लांबून, अगदी बारीक, बाईमाणसाचा आवाज आला: "मेलं हे एक दिवस डोक्यात पडणार आहे माझ्या."

"ते मागचं सोड," काका म्हणाले. "अध्यक्षांनी लिहिलंय त्यावर. 'मानवी व्यत्यय.'"

काकूंनी आपला आवाज ओळखला. सबंध इमारत ज्या आवाजावर घड्याळ लावते, तो त्यांना कळणार नाही? क्षणभर त्यांना जे हसू फुटलं, ते त्यांनी पदरात दाबलं. चहा उतू गेला. जीभ नुसती सळसळत होती. चाळीस वर्षांत असा डाव हातात आला नव्हता. आता ह्या माणसाला सांगावं, की अहो शहाणे, तुमचा वाटचुक्या दुसऱ्या मजल्यावर, आपल्या गॅलरीत, छताला टांगलेला आहे, आणि मी त्याला रोज ओली चादर खायला घालते!

तोंड उघडून त्या वळल्या. काका आरशासमोर उभे राहून भाषण म्हणत होते. उद्याचा शर्ट त्यांनी स्वतः इस्त्री केला होता. एकाच बाहीला.

काकूंनी तोंड मिटलं.

सांगितलं तर? भाषण बंद. न्हाव्याचे जोडलेले हात सुटणार, दुकानातली खुर्ची जाणार, आणि सगळा भाग ह्यांना हसणार. मरेपर्यंत. कप्पीवाले काका म्हणून. आता ह्या माणसाला काकू रोज हसत होत्या, हे खरं. पण ती गोष्ट वेगळी. ह्यांना हसायचा मक्ता त्यांचा होता. तो त्यांनी आयुष्य घालून मिळवला होता, आणि तो गल्लीतल्या कुणाही सोम्यागोम्याला फुकट वाटायची त्यांची तयारी नव्हती.

तेल घालून टाकलं तर? वाटचुक्या उडून गेला असं होईल, झाकली मूठ झाकलेलीच राहील. पण मग रविवारी कोण बोलणार? झाड पडणार, आणि साहेबांसमोर ह्यांची मान खाली. तेलही नको.

"हा शर्ट काढा," त्या म्हणाल्या. "दुसरी बाही मी करते."

रविवारी काकूंनी सगळ्यात जड चादर भिजवली. दुहेरी, लाल फुलांची. पाखरू बोलणार असेल तर दणकून बोलू दे.

अंगणात पोरं बसली होती, झाडाजवळ, पाठ इमारतीकडे करून. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या दुर्बिणी. डॉक्टरीणबाईंनी करून घेतल्या होत्या. एका बाजूला अध्यक्ष, दुसरीकडे सेक्रेटरी, हाताची घडी घालून. मधे झाडखात्याचे साहेब खुर्चीवर. खालचीही आली होती, काकूंच्या गॅलरीकडे पाठ करून. काका झाडाला पाठ लावून पोरांसमोर उभे होते. हाच सगळा घोटाळा झाला. आजवर त्यांनी झाडाकडे तोंड करून ऐकलं होतं. आज पहिल्यांदा त्यांचं तोंड इमारतीकडे होतं.

"मुलांनो," काका म्हणाले. आवाज थरथरला, मग लागला. "मी कोठारात काम केलं. नसलेला खिळा मी कधी आहे म्हणून दाखवला नाही. पक्षी बघतानाही तेच. ऐकलं तेवढंच सांगायचं."

"लिहून घ्या," शाळेच्या बाई म्हणाल्या. सगळ्या पोरांनी माना खाली घातल्या.

वर काकूंच्या हातात दोरी होती. त्या खाली घातलेल्या मानांकडे बघून त्यांचा हात जड झाला. शाळेत लिहून घेतलेलं माणूस जन्मभर धरून बसतं, हे चौथीपर्यंत गेलेल्या माणसाला जास्त ठाऊक असतं. त्याच्याजवळ तेवढंच असतं. पण खाली काका उभे होते, दोन्ही बाह्यांना इस्त्री केलेले. काकूंनी डोळे मिटून दोरी ओढली.

कुई... कुईऽऽ... कुर्र.

अंगण गार पडलं. डॉक्टरीणबाईंनी हुंदका दिला. साहेबांनी मान हलवली. "अरे वा. आहे म्हणायचं."

काकूंनी पुन्हा ओढली. काका हसत मान वर करून ऐकत होते. आणि त्यांना दिसलं, की वाटचुक्या 'कुई' म्हणाला की दुसऱ्या मजल्यावर लाल फुलांची चादर वीतभर वर जाते. पुन्हा 'कुई', पुन्हा वीतभर. 'कुर्र' म्हणाला आणि चादर थांबली.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. चादरीच्या काठावरून काकूंचे डोळे दिसत होते. दोघांची नजर भेटली. काकूंनी हनुवटीनं खूण केली: बोला पुढे. बोला!

काकांनी साहेबांकडे बघितलं. झाडाकडे बघितलं. मग पोरांच्या माना, पेन्सिली. खिशातून रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"मुलांनो, लिहिलंत ते खोडा," ते म्हणाले. "हा पक्षी नाही. ही कप्पी आहे. आमच्या घरची. ह्या दोरी ओढतायत त्या आमच्या मिसेस. माझी चूक झाली."

अख्खं अंगण वळलं. काकू लाल फुलांत, दोरी हातात, झेंडावंदनाला उभ्या असल्यासारख्या. आधी एक पोर हसलं. मग सगळी. मग सेक्रेटरी असा हसला, की त्याला खाली बसावं लागलं. "लिहा साहेब! कप्पी! चार महिने गल्ली गप्प बसवली, कप्पीसाठी!"

काका रुमालाची घडी घालत उभे होते. घडी काही जमत नव्हती.

काकूंनी दोरी सोडली. चादर धप्पकन खाली आली. हातात शर्टासाठी घेतलेला हँगर तसाच होता, तो घेऊन त्या जिना उतरल्या आणि साबणाच्या हातांनी सेक्रेटरीसमोर उभ्या राहिल्या.

"हसायला काय झालं? गच्चीची टाकी गळते म्हणून तुम्ही तीन प्लंबर बोलावलेत. शेवटी काय निघालं? तुमच्याच घरातला नळ उघडा. तेव्हा कुणी हसलं?"

"तुम्हीच हसलात, काकू."

"मग? पुरे नाही झालं?" काकूंनी हँगर उगारला. "ह्या माणसानं पोरांसमोर चूक कबूल केली. करून दाखवा तुम्ही! उघडा नळ कबूल केलात का अजून?"

हँगर उगारत त्या नेमक्या झाडाखाली गेल्या, आणि वरून एक कावळा दगडासारखा खाली आला. टप्पकन त्यांच्या अंबाड्यावर टोच मारून वर. काकू किंचाळल्या. दुसरा आला. काका दुर्बीण गरगर फिरवत मधे घुसले, तर तिसरी टोच त्यांना. नवरा-बायको एकमेकांना धरून झाडाखालून पळाले. लग्नानंतर भर लोकांत असे हातात हात पहिल्यांदाच.

पोरांच्या पुठ्ठ्याच्या दुर्बिणी एकदम वर गेल्या. कावळा जिथे परत गेला, तिथे एका बेचक्यात काहीतरी चमकत होतं.

"घरटं!" पोरं ओरडली. "तारेचं घरटं! पिल्लं आहेत! लाल लाल तोंडं आहेत!"

अध्यक्षांनी बघितलं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं. चार महिने ज्या झाडावर सगळ्या मंडळाचे डोळे लागले होते, त्यात एवढं थोरलं घरटं कुणालाच दिसलं नव्हतं. दिसलं असेलही. पण कावळे सोडून बघायची सवय.

"पिल्लं आहेत?" साहेब खुर्चीवरून उठले. "मग आधी का नाही सांगितलं? पिल्लं असलेलं घरटं आहे का, एवढंच आमच्याकडे विचारतात. पक्षी कुठला, ते विचारायला रकानाच नाही. पिल्लं उडेपर्यंत झाडाला हात लावता येणार नाही."

"पण कावळे!" सेक्रेटरी म्हणाला.

"मग? त्यांना पिल्लं होऊ नयेत?" साहेबांनी कागद मिटला. "बाकी अर्जावर पहिली सही कुणाची?"

"माझी," काकू अंबाडा सावरत म्हणाल्या. "सही माझी आहे, ती मी परत घेते."

"सही परत घेण्याचा वेगळा अर्ज असतो, काकू."

"द्या आणून. त्याच्यावरही पहिली माझीच."

तेवढ्यात खालचीनं डॉक्टरीणबाईंकडून दुर्बीण मागून घेतली. घरट्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग येऊन तिनं दुर्बीण काकूंच्या हातात दिली. काकूंनी डोळ्यांना लावली. तारांचा गुंता, आणि गुंत्यात जागोजाग निळी लोकर. एका पिल्लाच्या अंगाखाली तर लोकरीची गादीच झाली होती.

सगळं अंगण काकूंच्या तोंडाकडे बघत होतं. काकूंनी दुर्बीण सावकाश खाली केली. माफी मागणं हा प्रकार त्यांच्या घराण्यात नव्हता.

"हँगर रात्री आत घेत जा," त्या खालचीला म्हणाल्या. हवेला नाही, खालचीला. "तुमचेही नेतील मेले."

"घेईन हं," खालची म्हणाली. "आणि तुमच्याकडे कमी असतील तर माझ्याकडे आहेत. बिनलोकरीचे."

त्या रविवारी मंडळाच्या गणतीची शेवटची ओळ अध्यक्षांनी बदलली. 'कावळ्यांसह' असं लिहिलं, आणि पोरांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. कुजबुज न करता. त्यांच्या आवाजानं ते स्वतःच दचकले.

दुपारची जेवणं झाली. मग काका स्टूल घेऊन गॅलरीत गेले, त्यावर चढले, आणि तेलाची कुपी काढली. काकूंनी स्टूल धरलं. टोच बसली होती तिथे काकांच्या कपाळावर हळद फासली होती, काकूंनीच.

"उद्यापासून मंडळात जात नाही मी," काका कप्पीकडे बघत म्हणाले. "तोंड दाखवायला जागा नाही. मला वाटलं होतं... खरंच पक्षी आहे असं वाटलं होतं गं."

"कान इकडे करा," काकू म्हणाल्या. काकांनी खाली बघितलं, आणि खरंच बघितलं. "कप्पीला पाखरू समजलात, ते माफ. ते कुणाचंही होईल. कप्पी कुरकुरली ती गाणं वाटली, म्हणजे कान अजून बरे आहेत तुमचे. पोरांसमोर चूक कबूल केलीत, ते मी लेकीला फोन करून सांगणार आहे. पण माझा आवाज ऐकून मानवी व्यत्यय म्हणालात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आता उद्या मंडळात जायचं. ताठ मानेनं जायचं. आणि कुणी हसलं, तर सांगायचं, मला हसायचा मक्ता घरी दिलाय, बाहेर मिळणार नाही. उतरा आता खाली. तेल कप्पीत घाला म्हटलं होतं मी, माझ्या डोक्यावर नाही!"